रेघ ओढण्याआधी विचारा

"लोकांना यातले काय कळते?" धाराशिव जिल्ह्यात महामार्ग, रेल्वे, औद्योगिक वसाहत किंवा एखाद्या शहराचा विकास आराखडा असा कुठलाही विषय निघाला, की हा सवाल ठरलेला. सरकारी कार्यालयात तो ऐकू येतो, तालुक्याच्या गावी चहाच्या टपरीवर ऐकू येतो, आणि ज्यांची एक गुंठाही जमीन आखणीत येत नाही अशा सुशिक्षितांच्या बैठकीत तर हमखास ऐकू येतो. विचारणाऱ्याला उत्तर नको असते. त्याचा निकाल आधीच झालेला असतो.

ही बाजू पूर्ण मांडली तर ती अशी. नियोजन हे तज्ज्ञांचे काम आहे. आखणी उपग्रहाच्या नकाशावर, वाहतुकीच्या गणितावर होते. शेतकऱ्याला फक्त स्वतःचा गट नंबर दिसतो. तरीही कायद्याने हरकतींसाठी मुदत दिलेली असते, ती वाया घालवून लोक नंतर रस्त्यावर येतात. लोकांच्या वतीने बोलायला निवडून दिलेले प्रतिनिधी आहेतच. जमीन फुकट घेतली जात नाही, मावेजा मिळतो. आणि धाराशिवसारख्या मागास, दुष्काळी जिल्ह्याला विचारविनिमयात वर्षे घालवणे परवडणार नाही. आधी रस्ते होऊ द्या, चर्चा नंतर करता येतील.

ऐकायला हे सारे व्यवहारी वाटते. पण या जिल्ह्याचाच गेल्या तीस वर्षांचा इतिहास समोर ठेवला, तर यातला एकही मुद्दा उभा राहत नाही.

लोकांना कळत नाही, असे म्हणणाऱ्यांनी आधी 1993 आठवावे. 30 सप्टेंबरच्या पहाटे झालेल्या भूकंपाने लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यात मिळून सुमारे आठ हजार माणसे गेली. आजच्या लोहारा आणि उमरगा तालुक्यांतील सास्तूरच्या परिसराने तो दिवस कसा काढला, हे तिथल्या प्रत्येक घराला माहीत आहे. त्यानंतर जागतिक बँकेच्या मदतीने जे पुनर्वसन झाले, त्यात दोन वाटा होत्या. दोन्ही जिल्ह्यांतली सर्वाधिक उद्ध्वस्त झालेली 52 गावे जुनी जागा सोडून नव्या जागी वसवण्यात आली. त्याहून कितीतरी अधिक गावांत मात्र घरे जागेवरच दुरुस्त आणि मजबूत करायची होती.

पहिल्या वाटेवर बहुतेक ठिकाणी आराखडा आला तो शहरी नगररचनेचा. काटकोनात छेदणारे रुंद रस्ते, रांगेतली सारखी घरे, मोठमोठी मोकळी मैदाने. अरुंद गल्ल्यांत ढिगाऱ्याखाली माणसे दबल्याची भीती ताजी होती, हे खरे. पण गावठाणात भावकीची घरे एकमेकांना लागून का असतात, जनावरे कुठे बांधली जातात, कडब्याची गंज कुठे रचतात, म्हातारी माणसे दिवसभर कुठे बसतात, याचा विचार त्या चौकोनांत नव्हता. नव्या वसाहतींनी जुन्या गावठाणाच्या कितीतरी पट जागा व्यापली. तेवढी शेतजमीन गेली, आणि त्या लांबच लांब रस्त्यांची, गटारांची, नळांची देखभाल तुटपुंज्या उत्पन्नाच्या ग्रामपंचायतींच्या गळ्यात पडली. नंतर पुनर्वसनाचा अभ्यास करणाऱ्या अनेकांनी हे नोंदवले आहे. लोकांनी पुढे आपल्या हाताने पत्र्याच्या शेड काढल्या, आडोसे घातले, अंगणे कुंपणात घेतली आणि तो आराखडा आपल्याला राहता येईल असा करून घेतला.

दुसऱ्या वाटेवर वेगळे घडले. घरमालकाने आपले घर आपणच मजबूत करायचे, शासनाने पैसे टप्प्याटप्प्याने द्यायचे आणि तांत्रिक मदत करायची. हे काम गावागावांत समजावून सांगण्यासाठी शासनाने 'स्वयम् शिक्षण प्रयोग' या संस्थेला सोबत घेतले आणि हजाराहून अधिक गावांत स्थानिक महिलांना 'संवाद सहायक' म्हणून नेमले. माळवदावरचा मातीचा थर का कमी करायचा, दगडी भिंतीत आरपार जाणारे दगड का घालायचे, कुणाचा हप्ता कुठे अडला, हे घरोघरी जाऊन सांगणाऱ्या आणि ऐकून घेणाऱ्या या बायका होत्या. त्यांच्यातल्या अनेकींना तोवर ग्रामसभेत बोलायचीही सवय नव्हती. भूकंपरोधक बांधकाम ही काही सोपी विद्या नाही. ती ज्या जिल्ह्यातल्या बायकांनी समजून घेतली आणि गावाला समजावली, त्या जिल्ह्यातल्या माणसांना रस्त्याची आखणी समजणार नाही, हे कुठल्या तोंडाने सांगितले जाते? पुढे 2001 मध्ये भूज हादरले, तेव्हा गुजरातच्या पुनर्वसनात याच अनुभवाचा आधार घेतला गेला. जगाने शिकण्यासारखा मानलेला धडा धाराशिवच्या कार्यालयांनीच विसरून जावा, ही साधी गोष्ट नाही.

आणखी जवळचे उदाहरण सप्टेंबर 2025 चे आहे. परंडा, भूम या एरवी पाण्यासाठी तळमळणाऱ्या तालुक्यांत असा पूर आला, की माणसांना वाचवायला बचाव पथके उतरवावी लागली. उभी पिकेच नव्हे, मातीही वाहून गेली. पाणी कुठल्या बाजूने येते, कुठला ओढा बुजवला गेला, कुठल्या मोरीचा गाळा अपुरा आहे, हे त्या शिवारातल्या वयस्कर माणसाला पाठ असते. उपग्रहाच्या चित्रात कोरडा ओढा दिसतो. वीस वर्षांतून एकदा तो किती पसरतो, हे त्या चित्रात दिसत नाही. पुलाच्या खांबाची जाडी अभियंत्यानेच ठरवावी, त्यात कुणी लुडबूड करू नये. पण मोरी कुठे हवी, भुयारी मार्ग कुठे हवा, बैलगाडीची पाणंद कुठे तुटते, शाळेची पोरे रस्ता कुठे ओलांडतात, हे ज्ञान अभियंत्याकडे नसते आणि नसते यात त्याचा दोषही नाही. दोष न विचारण्याचा आहे. चौपदरी रस्ता बांधून झाल्यावर सेवारस्त्यासाठी आणि भुयारी मार्गासाठी गावाने उपोषणाला बसायचे, मग तो रस्ता पुन्हा फोडायचा, ही पद्धत तज्ज्ञांची म्हणायची काय?

सोलापूर-तुळजापूर रस्त्याचे पाहा. कोजागरीच्या सुमारास लाखो भाविक या रस्त्याने पायी तुळजापूरला जातात आणि त्या काळात वाहने दुसऱ्या मार्गाने वळवावी लागतात. राष्ट्रीय महामार्ग हा इथे वर्षातले काही दिवस पायवाट असतो. वाहतुकीच्या गणितात वाहने मोजतात. अनवाणी चालणारी माणसे त्या कोष्टकात कुठल्या रकान्यात बसतात? आता तुळजापूरच्या विकासासाठी अठराशे कोटींहून अधिक रकमेचा आराखडा मंजूर झाला आहे. एवढा पैसा एका छोट्या शहरात उतरणार असेल, तर दर्शनाची रांग, वाहनतळ, रस्त्यांचे रुंदीकरण यांबद्दल पुजारी, दुकानदार, रिक्षावाले, गल्लीतले रहिवासी आणि चालत येणारे भाविक या सर्वांचे म्हणणे आखणीच्या पहिल्या दिवसापासून लेखी असायला हवे.

आता मुदतीची गोष्ट. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 नुसार शहराच्या प्रारूप विकास आराखड्यावर हरकती-सूचनांसाठी 30 दिवस मिळतात. राजपत्रात आणि वर्तमानपत्रात सूचना येते, नकाशा कार्यालयात पाहायला ठेवतात. कायदा पाळला, असे म्हणून फाईल पुढे सरकते. पण हे 30 दिवस येतात कधी? आरक्षणे टाकून झाल्यावर, रस्त्यांच्या रुंदी ठरल्यावर, पिवळा-हिरवा रंग भरून झाल्यावर. नागरिकाला विचारले जाते ते एवढेच, की तुझ्या प्लॉटवरच्या आरक्षणाला तुझा विरोध आहे का? मग तो स्वतःच्या प्लॉटपुरतेच बोलतो. आणि तो तेवढेच बोलला म्हणून त्याला स्वार्थी ठरवतात. शहराला मैदान कुठे हवे, बाजार कुठे भरावा, बसस्थानक हलवावे की नाही, हे त्याला आधी कुणी विचारले होते? सगळा स्वयंपाक झाल्यावर फक्त मीठ कमी-जास्त आहे का एवढे विचारायचे, याला घरातही कुणी सल्ला घेणे म्हणत नाही.

लोक मुदतीत बोलत नाहीत, हेही खोटे आहे. मुंबईच्या 2034 पर्यंतच्या विकास आराखड्याचा पहिला मसुदा 2015 मध्ये आला, तेव्हा हजारो नागरिकांनी त्यातल्या चुका नकाशासह दाखवून दिल्या. उभ्या इमारतींवरून रस्ते गेले होते. एप्रिल 2015 मध्ये राज्य सरकारला तो मसुदा बाजूला ठेवून दुरुस्तीचे आदेश द्यावे लागले. त्या चुका तज्ज्ञांच्या होत्या आणि पकडल्या नागरिकांनी. गोव्यात 2011 च्या प्रादेशिक आराखड्याविरुद्ध डिसेंबर 2006 मध्ये लोक रस्त्यावर उतरले आणि जानेवारी 2007 मध्ये सरकारने तो मागे घेतला. पुढचा, 2021 चा आराखडा करताना चार्ल्स कोरिया यांच्यासारखा वास्तुविशारद कृतिदलात होता, आणि तरीही मसुदा गावोगाव पाठवून ग्रामपंचायतींच्या सूचना मागवल्या गेल्या. कोरियांना लोकांना विचारण्यात कमीपणा वाटला नाही. पुढे त्या आराखड्याचे राजकारणाने काय केले, तो वेगळा विषय आहे. रायगड जिल्ह्यातल्या पेण तालुक्यात 21 सप्टेंबर 2008 रोजी प्रशासनाने स्वतः 22 गावांत विशेष आर्थिक क्षेत्राविषयी (सेझ) शेतकऱ्यांचा कौल घेतला. आकाश कोसळले नाही. मग धाराशिवमध्येच लोकांना विचारण्याची एवढी धास्ती का?

निवडून दिलेले प्रतिनिधी आहेत, हा युक्तिवाद तर गेल्या काही वर्षांत या जिल्ह्यात करूच नये असा आहे. 74 व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत अनुच्छेद 243 झेडडी आला. प्रत्येक जिल्ह्यात नियोजन समिती असावी, तिचे किमान चार पंचमांश सदस्य जिल्हा परिषद आणि नगरपालिकांच्या निवडून आलेल्या सदस्यांमधून यावेत, आणि तिने भूभागाचे नियोजन, पाण्याची वाटणी, पायाभूत सोयींचा एकात्मिक विकास आणि पर्यावरण यांचा विचार करून जिल्ह्याचा विकास आराखडा करावा, असे त्यात लिहिले आहे. महाराष्ट्राने 1998 मध्ये त्यासाठी कायदाही केला. प्रत्यक्षात पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालच्या या समितीच्या बैठकीत बहुतेक वेळ जातो तो निधीच्या वाटपात. जमिनीचा वापर आणि वाहतूक यांचा जिल्ह्याचा एकत्र नकाशा टेबलावर ठेवून तिथे वाद झाला, असे कुणाला आठवते का?

त्यातही धाराशिव जिल्हा परिषदेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि पुढे तीन वर्षांहून अधिक काळ तिथे प्रशासक होते. नगरपालिकांचीही तीच गत होती. नेमक्या याच काळात, 2024 च्या सुरुवातीला, नागपूर-गोवा शक्तिपीठ महामार्गाच्या भूसंपादनाची अधिसूचना निघाली. याच काळात, 24 जून 2025 रोजी, राज्य मंत्रिमंडळाने त्याच्या नियोजन आणि भूसंपादनासाठी 20,787 कोटी रुपयांना मान्यता दिली. ज्यांनी आमच्या वतीने बोलायचे होते, त्यांच्या खुर्च्या रिकाम्या होत्या. अशा वेळी गावाने स्वतः बोलू नये, आणि प्रतिनिधीही नसावा, मग बोलायचे कोणी?

शक्तिपीठ महामार्गाचे प्रकरण जरा सविस्तर पाहायला हवे. जून 2025 च्या मान्यतेनुसार पवनार ते पत्रादेवी, सुमारे 802 किलोमीटर, 12 जिल्हे, त्यांत धाराशिव. माहूर, तुळजापूर, कोल्हापूर ही देवस्थाने जोडण्याचा उद्देश सांगितला जातो. या जिल्ह्यातल्या शेतकऱ्याचा पहिला प्रश्न अगदी साधा आहे. तुळजापूरहून लातूर, नांदेडमार्गे नागपूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग 361 आहे. सोलापूर, धाराशिव, बीड जोडणारा 52 आहे. नळदुर्ग, उमरग्यावरून हैदराबादला जाणारा 65 आहे. हे असताना नवी जमीन का घ्यायची? या प्रश्नाला सविस्तर, आकडेवारीसह उत्तर देता येईल किंवा येणार नाही. पण तो अडाणी प्रश्न नक्कीच नाही. कुठल्याही वाहतूक नियोजनाच्या अभ्यासक्रमात हाच पहिला प्रश्न असतो.

आणि तो विचारण्याची जागा कायद्यानेच काढून घेतली आहे. 2013 च्या भूसंपादन कायद्यात सामाजिक परिणामांचा अभ्यास होता, त्यात ग्रामसभेशी सल्लामसलत होती. 2018 मध्ये राज्याने त्या कायद्यात दुरुस्ती केली आणि महाराष्ट्र महामार्ग अधिनियम, 1955 खाली होणारे भूसंपादन या सगळ्यातून मोकळे केले. मावेजाच्या तरतुदी ठेवल्या, विचारण्याच्या काढल्या. त्यानंतर 2021 मध्ये महामार्गांसाठी ग्रामीण भागातला गुणकही कमी केला, म्हणजे चौपट मोबदल्याच्या जागी दुप्पट आला. मावेजा मिळतो ना, असे म्हणणाऱ्यांनी हे दोन्ही निर्णय शेजारी ठेवून वाचावेत. आधी तोंड बंद केले, मग रक्कम उतरवली. ज्याला बोलायची जागा नाही, त्याच्या मावेजाची राखण कोण करणार?

शिवाय मावेजा हा जमिनीचा असतो. रेघेने शेताचे दोन तुकडे झाले, विहीर एका बाजूला आणि पीक दुसऱ्या बाजूला राहिले, शिवाररस्ता बंद झाला, पाइपलाइन तुटली, तर उरलेल्या जमिनीच्या वाट्याला रोजचा जो त्रास येतो, त्याची किंमत बाधितांच्या यादीत नीट बसत नाही. ज्याच्याकडे दीड-दोन एकर आहे, त्याच्या शेतातली आखणी पन्नास मीटर सरकली तर त्याचे घर वाचते. हे पन्नास मीटर सरकवता येतात का, एवढा विचार करायला वेळ काढणे म्हणजे विकासाला विरोध?

रेघ सरकत नाही, असे ठामपणे सांगितले जाते. ते खरे नाही, हे याच जिल्ह्याला चांगले माहीत आहे. बार्शी लाइट रेल्वेच्या काळात अरुंद रूळ येडशीवरून जात आणि जिल्ह्याचे मुख्य शहर बाजूला राहत असे. रुंदीकरणात मार्ग बदलला, रूळ शहराला येऊन मिळाले, आणि 2007-08 मध्ये तो मार्ग सुरू झाला. शक्तिपीठाच्या बाबतीत कोल्हापुरात संताप वाढला, तेव्हा विधानसभेच्या निवडणुकीआधी, ऑक्टोबर 2024 मध्ये, त्या जिल्ह्यातली भूसंपादनाची अधिसूचना रद्द झाली. म्हणजे तंत्रज्ञान आड येत नव्हते. आवाज मोठा झाला तिथे रेघ थांबली. मग 1 जुलै 2025 रोजी, कृषी दिनी, विविध जिल्ह्यांतले शेतकरी रस्त्यावर उतरले, तर त्यांना नावे ठेवण्याचा अधिकार कुणाला पोचतो? शांतपणे दिलेल्या अर्जाला उत्तर येत नाही आणि रस्ता अडवला की येते, हे त्यांना शासनानेच शिकवले आहे.

विलंबाचा आरोपही तपासून पाहावा. सोलापूर-तुळजापूर-धाराशिव रेल्वेमार्ग 84 किलोमीटरचा. तुळजापूरला रेल्वे यावी ही जिल्ह्याची जुनी मागणी. जानेवारी 2019 मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली. त्यानंतरची पहिली काही वर्षे गेली ती राज्याने खर्चाचा निम्मा वाटा उचलायचा की नाही, यात. त्या वर्षांत कुठल्या गावाने, कुठल्या शेतकऱ्याने काम अडवले होते? पैशाच्या वाट्यावरून गेलेली वर्षे कुणाच्या डोळ्यांवर येत नाहीत, आणि ग्रामसभेला दोन महिने द्या म्हटले की जिल्हा मागे पडतो!

मागास जिल्हा म्हणूनच घाई करावी लागते, हा शेवटचा आणि सर्वांत दुखावणारा मुद्दा. नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत महाराष्ट्रातले चारच जिल्हे आहेत, त्यांत धाराशिव आहे. पाऊस बेभरवशाचा, उद्योग तुरळक, तरुण पुणे-मुंबईकडे निघालेले. अशा ठिकाणी जमीन हीच घराची एकमेव शाश्वती असते. चूक झाली तर ती भरून काढायला श्रीमंत जिल्ह्याकडे पैसा असतो, धाराशिवकडे नसतो. म्हणून इथे अधिक विचारून पाऊल टाकायला हवे. भूम, वाशी, कळंबच्या माळांवर पवनचक्क्या उभ्या राहत आहेत, कौडगावच्या औद्योगिक क्षेत्रासाठी जमिनी गेल्या आहेत, महामार्ग येत आहेत, रेल्वे येत आहे. या प्रत्येकाची फाईल वेगळी, खाते वेगळे, नकाशा वेगळा. हे सगळे एकाच जमिनीवर उतरते आहे, हे फक्त तिथे राहणाऱ्या माणसाला दिसते.

हरकती घेणाऱ्यांत काही जण भाव वाढवून मिळावा म्हणून घेतात, काही जणांच्या मागे दलाल असतात. असतील. पण दलालाचे चालते ते आखणी झाकलेली असते तोवर. कुठला गट जाणार हे ज्याला आधी कळते तो शेजारच्या जमिनी स्वस्तात घेतो. ज्याला शेवटी कळते तो विकून बसलेला असतो. नकाशा पहिल्या दिवशी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागला, तर दलालाकडे विकण्यासारखे उरतेच काय?

करायचे काय, हेही अस्पष्ट नाही. माहितीचा अधिकार अधिनियम, 2005 च्या कलम 4 नुसार लोकांवर परिणाम करणारे निर्णय घेताना सर्व संबंधित माहिती स्वतःहून प्रसिद्ध करणे आणि बाधित व्यक्तीला निर्णयाची कारणे देणे हे प्रत्येक कार्यालयावर बंधनकारक आहे. आखणीचे पर्यायी नकाशे, गट नंबरसह, मराठीत, अंतिम निर्णयाआधी बाधित होणाऱ्या प्रत्येक गावात लावावेत. त्यावर ग्रामसभा व्हावी, आणि ती गणपूर्तीअभावी तहकूब करून पुढच्या वेळी गणपूर्तीशिवाय उरकलेली नसावी. प्रत्येक हरकतीला कारणासह लेखी उत्तर मिळावे. जिल्हा नियोजन समितीने रस्ते, रेल्वे, उद्योग, पवनऊर्जा आणि पाणी यांचा एकत्र नकाशा आपल्यासमोर मागवावा आणि तो जनतेसाठी खुला करावा.

वाचकाने यासाठी कुणाची वाट पाहू नये. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबरला गावोगाव ग्रामसभा होतात. पुढच्या ग्रामसभेआधी ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज द्यावा, "गावाच्या शिवारातून जाणाऱ्या प्रत्येक प्रस्तावित प्रकल्पाची आखणी ग्रामसभेपुढे ठेवावी" हा विषय विषयपत्रिकेवर घालून घ्यावा, अर्जाची पोच घ्यावी, आणि त्या दिवशी शंभर माणसे घेऊन हजर राहावे.